बहिऱ्या झिलाचा रेडिओ

झिला हॅलस्टेडच्या घरी रेडिओ होता आणि झिलाला ऐकू येत नव्हतं. आमच्या पेंडल स्ट्रीटवर याचं कुणाला काही वाटत नसे. वाटायचं ते बाहेरच्यांना. बॉम्बच्या भीतीने लंडनहून पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, बहिरीला रेडिओ कशाला हो? मग गल्लीतली एखादी बाई त्यांच्याकडे अशी बघायची की पुन्हा विचारायची सोय राहत नसे.

आमच्या बर्नलीत, म्हणजे इंग्लंडातल्या या गिरण्यांच्या गावात, तेव्हा बहिरं असणं हा काही आजार नव्हता. शाळा पुरती सुटायच्या आधीच पोरी गिरणीत लागायच्या. माग खात्यात एका छपराखाली शेकडो माग, प्रत्येकाचा धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटत असायचा. तिशीत कान कमी व्हायचे आणि पन्नाशीत गेलेच म्हणून समजा. पण म्हणून बायका बोलायच्या थांबतील होय? त्यांनी आवाज सोडला आणि ओठ धरले. तोंड मोठं करून, प्रत्येक शब्दाला ओठांचा पुरता आकार द्यायचा, भुवया आणि हात मदतीला घ्यायचे, आणि आवाज अजिबात काढायचा नाही. आमच्याकडे याला मी-मॉ म्हणतात. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नणंदेची सगळी कुलंगडी सांगायची आणि मधल्या मागाचा एक धागा तुटायचा नाही.

झिला या बोलीत पटाईत होती. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला. पदरात एकच मुलगा, विल्फ. तो बोलायला लागला तोच मुळी आवाज न काढता. शेजारणींना वाटलं पोर मुकं निघालं. मग एक दिवस मांजराला शिव्या घालताना त्याचा खणखणीत आवाज ऐकला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मांजराला ऐकू येतं आणि आईला येत नाही, एवढी समज त्याला होती. पुढेही तसंच. बाहेर पोरांत आरडाओरडा करणारा विल्फ घरात पाऊल टाकलं की आवाज दाराबाहेर ठेवून यायचा.

रेडिओ त्यानेच आणला. सायकलच्या दुकानात कामाला लागला, तिथे जुना पेटारा दुरुस्तीला येऊन पडून होता, तो त्याने मालकाकडून मागून घेतला. गल्लीत तेव्हा वीज नव्हती, गॅसचे दिवे होते, त्यामुळे रेडिओ ॲसिडच्या काचेच्या बॅटरीवर चालायचा. दर आठवड्याला ती बॅटरी तारेच्या कडीला धरून, कपड्यांवर थेंब उडू न देता, भरून आणावी लागे. संध्याकाळी चहा झाला की विल्फ रेडिओशेजारी आईकडे तोंड करून बसायचा आणि आतून जे येईल ते ओठांनी तिला सांगायचा. बातम्या, फुटबॉल, विनोदी कार्यक्रम, सगळं. विनोद त्याच्या ओठांवर येईपर्यंत तिकडची माणसं हसून गप्प झालेली असायची, मग झिला एकटीच हसायची. बातम्या देताना तो मान ताठ करायचा आणि लंडनच्या साहेबासारखे ओठ आवळायचा; त्या वेळी तिला निम्मं कळत नसे, पण तिला तेच फार आवडायचं.

लढाई लागली, विल्फला बोलावणं आलं, तो गेला. सगळ्यांना वाटलं झिला आता रेडिओ विकेल. ती कसली विकते! दर शनिवारी बॅटरी घेऊन सायकलच्या दुकानात हजर. तिने आपली एक तऱ्हा शोधून काढली होती. रेडिओचं बटण पुरतं फिरवायचं आणि लाकडावर तळहात ठेवायचा. नाचाचं संगीत असलं की लाकूड खालून ठोके द्यायचं. माणूस बोलत असला की नुसती बारीक थरथर. रात्री नऊच्या आधी लंडनच्या घड्याळाचे टोले पडायचे तेव्हा हात कोपरापर्यंत भरून यायचा. आणि शब्द हवे असले तर शेजारपाजार होताच. समोरची मेव्हिस यायची, कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी यायच्या. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, झिलाच्या घरी कान नव्हते. सगळ्यांचं भागत होतं.

पूर्वी सगळ्यांत आधी यायची ती भिंतीपलीकडची क्लारा बॅनिस्टर. झिलाच्या शेजारच्या मागावर बारा वर्षं उभी राहिलेली. कान जायच्या आत गुडघे गेले म्हणून गिरणीतून सुटली. तिच्यासारखी मी-मॉ अख्ख्या बर्नलीत नव्हती. पण क्लारा आणि झिला यांच्यात दोन वर्षं अबोला होता. या बोलीत अबोला म्हणजे काय ते सांगायला हवं. नुसतं गप्प राहून भागत नाही, समोरची दिसली की तोंडच फिरवावं लागतं. झिलाने दोन वर्षांत क्लाराचं तोंड बघितलं नव्हतं म्हणतात ते अक्षरशः खरं.

कारण घडलं होतं क्लाराच्या नवऱ्यामुळे. एनॉक बॅनिस्टर गिरणीत जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारा. जॉबर म्हटला की तो थोडा मठ्ठ असायचाच अशी आमच्याकडे सर्वांची खात्री, आणि एनॉकने ती कधी खोटी पडू दिली नाही. लढाईत तो गल्लीचा वॉर्डन झाला, म्हणजे बॉम्बवाल्या विमानांना दिसेल असा उजेड रात्री कुठल्या खिडकीतून बाहेर पडत नाही ना, हे बघणारा. डोक्यावर पत्र्याचं टोपडं आलं आणि त्याखालचा माणूस बदलला. एका रात्री झिलाच्या माडीवरच्या खिडकीचा काळा पडदा सरकला होता आणि उजेड बाहेर येत होता. एनॉकने दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी अंगणात उभा राहून बोंबलला. बहिरी बाई खाली चहा करत होती. तिने दार उघडलं नाही म्हणून ह्याने वर कळवलं की बाई मुद्दाम ऐकत नाही.

झिलाला कोर्टात उभं केलं. न्यायाधीशाच्या मिशा एवढ्या दाट होत्या की खाली ओठ आहेत की नाहीत याचाच पत्ता नव्हता. तिला एक अक्षर कळेना. तो काहीबाही विचारायचा आणि ही अदबीने हो म्हणायची. मुद्दाम दार उघडलं नाहीस? हो साहेब. दंड झाला. दंडाचं तिला दुःख नव्हतं. मागच्या बाकावर क्लारा बसली होती. उठून एकदा म्हणाली असती, साहेब, ही बहिरी आहे, तर विषय तिथेच मिटला असता. पण नवऱ्याची वर्दी नवीन होती. क्लारा मांडीवरच्या पाकिटाकडे बघत बसून राहिली. झिलाने ते पाहिलं आणि तिथून तोंड फिरवलं ते फिरवलंच.

एवढं सांगितलं म्हणजे त्या जुलैतल्या दिवसाकडे यायला हरकत नाही. लढाईचं चौथं वर्ष, आणि बर्नलीच्या जत्रेचा आठवडा. या आठवड्यात सगळ्या गिरण्यांचे भोंगे बंद, धुराडी थंड, आणि गाव रिकामं. सरकार भिंतीभिंतीवर कागद चिकटवत होतं की प्रवास टाळा, सुट्टी घरीच घालवा. गावाने ते कागद वाचले आणि शनिवारी गाडीला लोंबकळत ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेलं. मेव्हिस गेली, कोपऱ्यावरच्या बहिणी गेल्या. पेंडल स्ट्रीटवर ओळीने पडदे ओढलेले. झिला गेली नाही. मार्चनंतर विल्फचं पत्र नव्हतं. तो आफ्रिकेच्या वाळवंटात होता, तिकडची लढाई मे महिन्यात संपली असं म्हणत होते, दुसऱ्या बायकांना पत्रं यायला लागली होती. समुद्रावर जाऊन बसायचं आणि मागे पोस्टात काही आलं तर, या विचाराने तिचा पाय निघाला नाही.

सकाळी टपालवाली आली आणि एक छापील कार्ड देऊन गेली. ते आधी दुसऱ्याच गल्लीत जाऊन आलं होतं. रेडिओवाल्यांचं कार्ड. आपला मुलगा कैरोहून आपल्याला निरोप देणार आहे, संध्याकाळच्या सहाच्या बातम्यांनंतर ऐकावं. तारीख आजची.

झिला उभ्या जागी खाली बसली. विल्फ बोलणार म्हणजे विल्फ आहे. हात, पाय, तोंड, सगळं आहे की नाही कोण जाणे, पण आहे. मग तिच्या लक्षात आलं की तो बोलणार आणि ते तिला सांगायला गल्लीत कुणी नाही.

तिने पहिलं काम केलं ते रेडिओ लावून बघण्याचं. बटण पुरतं फिरवलं, लाकडावर हात ठेवला. ठोके आले; सकाळचा व्यायाम चालला होता, देशभरच्या बायका पियानोच्या तालावर स्वयंपाकघरात हात वर-खाली करत असणार. चालू आहे म्हटल्यावर तिला धीर आला, आणि चालू आहे तो बंद कशाला करा, मग लागला नाही तर, म्हणून तो तसाच ठेवून ती शाल घेऊन बाहेर पडली.

क्लाराचं दार सोडून ती सबंध गल्ली फिरली. म्हातारा ॲशवर्थ एकटा घरी होता. तो एका पायावर तयार झाला, पण त्याला दात नव्हते. बिनदाताच्या तोंडाचे ओठ आत पडतात, त्यावरचं वाचायचं म्हणजे अंधारात सुई ओवायची. त्याने नमुना म्हणून काहीतरी बोलून दाखवलं. झिलाला वाटलं तो घोड्याविषयी बोलतोय, तो म्हणत होता देव भलं करो. तिथून ती प्रार्थनाघराच्या पाद्र्याकडे गेली. फार सज्जन माणूस, पण शिकलेला, आणि शिकलेली माणसं बोलताना ओठ हलवायला का कचरतात देव जाणे. तो म्हणाला मी येतो आणि ऐकलेलं कागदावर लिहून देतो. झिलाने मान डोलावली, आभार मानले, आणि रस्त्यात आल्यावर तिला रडू आलं. कागदावरचं तिला नको होतं. कागदावर तिला पाद्र्याचं अक्षर दिसलं असतं, विल्फ दिसला नसता.

इकडे भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते क्लारा पुढे कित्येक वर्षं सांगायची. सकाळी व्यायामवालीने तिला पलंगावरून खाली पाडली. भिंत एका विटेची, आणि रेडिओ पूर्ण आवाजात. मग स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला आणि एका पुरुषाने तिला अंड्याच्या भुकटीचं काय करावं ते असं दरडावून सांगितलं की तिच्या हातातला चमचा पडला. मग सकाळची प्रार्थना. प्रार्थनेला काही म्हणता येईना म्हणून तिने ओठ आवळून ती सोसली. त्यानंतर कारखान्यांसाठीचं संगीत सुरू झालं, न थांबता, बायकांनी तोफगोळे भराभर भरावेत म्हणून. क्लाराच्या घरी कुठलेच तोफगोळे भरायचे नव्हते. तिची खात्री पटली की ही बया दोन वर्षांचा सूड उगवते आहे, गल्ली रिकामी असल्याचा मोका साधून. एनॉक म्हणाला मी सांगून येतो. क्लाराने त्याला बसवलं. गेल्या खेपेला तू सांगायला गेलास तेव्हा काय झालं, म्हणाली.

दुपारी कुठल्याशा कारखान्याच्या खानावळीतला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लागला आणि तिथले हजार लोक एकदम हसले, तेव्हा क्लाराचा तोल गेला. ती मागच्या दाराने थेट झिलाच्या स्वयंपाकघरात शिरली. आमच्याकडे मागची दारं कुणी लावत नसे. झिला नुकतीच परत आलेली, रेडिओला पाठ लावून खुर्चीत बसली होती. क्लारा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून, ओठांनीच, पण रागाने फेकावं तसं म्हणाली, "तुझे कान गेले म्हणून माझेही घालवतेस का?"

तोंड फिरवायचं झिला विसरली. क्लाराचे ते लख्ख, मोठे ओठ, प्रत्येक शब्द ताटात वाढल्यासारखा. सकाळपासून दातपडक्या आणि ओठ न हलवणाऱ्या जगात फिरून आलेल्या झिलाला ते इतके ओळखीचे वाटले की तिने ते कार्ड पुढे केलं.

क्लाराने वाचलं. दोनदा वाचलं. मग आधी जाऊन रेडिओ बंद केला.

"सकाळपासून चालू आहे हा?"

झिलाने हो म्हणून मान हलवली.

"अगं वेडे, बॅटरी! संध्याकाळपर्यंत पुरेल का ती? सायकलवाला तर कुलूप लावून ब्लॅकपूलला गेलाय."

झिलाच्या तोंडचं पाणी पळालं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चालू आहे हे बघण्यासाठी तिने निम्मी बॅटरी खलास केली होती. दोघी त्या काचेच्या भांड्याकडे बघत राहिल्या, जणू बघून त्यात काही वाढणार होतं. मग क्लारा खुर्ची ओढून बसली. कोर्टातलं तिने काढलं नाही, झिलानेही काढलं नाही. थोड्या वेळाने क्लाराच खाली बघून काहीतरी बोलली, आणि खाली बघून बोललेलं झिलाला दिसत नाही हे लक्षात येऊन तिने मान वर केली.

"मी तेव्हा उठायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मला सगळं कळत होतं आणि मी उठले नाही."

"हो," झिला म्हणाली. "उठायला पाहिजे होतंस."

तेवढंच. त्यानंतर क्लाराने चहा टाकला, स्वतःच्या घरून स्वतःच्या वाटणीची रेशनची चहापत्ती आणून. त्या काळात याहून मोठी माफी कुणी मागत नसे.

दुपार काही केल्या सरेना. एरवी या वेळी झिला रेडिओवर हात ठेवून बसायची. तीनला पुन्हा कारखान्यांचं संगीत, मग पाचनंतर मुलांचा कार्यक्रम, ज्यात शेवटी देशभरच्या लेकरांना शुभरात्री म्हणतात. विल्फ तो कार्यक्रम मोठेपणीही सोडत नसे आणि आईला सांगताना तीही शुभरात्री म्हणायचा, हसत हसत. आज पेटारा मुका होता. एनॉक येऊन बॅटरी बघून गेला, परत आला, पुन्हा बघून गेला. शेवटी टोपडं काढून दाराशी उभा राहिला आणि झिलाला म्हणाला की दिव्याचं ते प्रकरण जरा घाईत झालं. झिला म्हणाली, बस. तो बसला.

सहाला क्लाराने रेडिओ लावला, आवाज एकदम कमी ठेवून. झिलाने हात ठेवला; थरथर इतकी बारीक की तिने दुसरा हातही ठेवला. क्लारा पेटाऱ्याशेजारी तिच्याकडे तोंड करून बसली, जिथे विल्फ बसायचा तिथेच. बातम्या सांगणाऱ्याने आपलं नाव सांगितलं, ते क्लाराने दिलं, मग बातम्या दिल्या. लढाई कुठे चाललीय याकडे त्या दिवशी झिलाचं लक्ष नव्हतं. एनॉक बॅटरीवर नजर रोवून बसला होता, डोळे मिटले तर ती संपेल अशा थाटात.

मग कैरो लागलं. एकामागून एक पोरं येऊन बोलायला लागली आणि क्लाराचे ओठ धावायला लागले. लीड्सचा तोफखान्यातला एक जण, आई-बाबा, मी मजेत आहे, कुत्र्याला सांभाळा. ग्लासगोचा एक जण बायकोला म्हणाला, तुला माहीत आहे मला काय म्हणायचंय, आणि पुढे काही म्हणालाच नाही. सगळ्यांचे निरोप एकाच साच्यातले. आधी लिहून, तपासून दिलेले. झिलाला वाटलं, विल्फही असंच म्हणेल, मजेत आहे, काळजी करू नको. चालेल. तेवढं चालेल.

"बर्नलीचा शिपाई विल्फ्रेड हॅलस्टेड," क्लाराचे ओठ म्हणाले, "पेंडल स्ट्रीटवरच्या आपल्या आईशी बोलणार आहे."

आणि क्लाराचे ओठ थांबले.

झिला बघत राहिली. तिच्या हाताखालचं लाकूड गप्प झालं. क्लाराने मान वळवून पेटाऱ्याकडे पाहिलं. एनॉक उठला, त्याने बॅटरीच्या तारा दाबल्या, पेटाऱ्याच्या डोक्यावर थाप मारली, बटण फिरवलं. झिलाला वाटलं, संपलं. बॅटरी गेली. नेमकी आता. सकाळी देशभरच्या बायका व्यायाम करत होत्या तेव्हा वाया घालवलेली बॅटरी, ती आता, एवढ्याशा वेळेसाठी.

मग क्लारा पुन्हा तिच्याकडे वळली आणि तिचे ओठ हलायला लागले. "आई, मी विल्फ. मी मजेत आहे. अंगाला कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. जेवण चांगलं मिळतं. तुझी फार आठवण येते."

झिलाचे दोन्ही हात लाकडावर होते. लाकूड जराही हललं नव्हतं.

"हे तू सांगतेस," झिला मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज चिरका होता, ती तो वर्षानुवर्षं काढत नसे, एनॉक दचकला. "आत कुणी बोलत नाहीये. मनचं सांगू नकोस मला, क्लारा. आज तरी नको."

क्लाराचा चेहरा पडला. तिचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात लाकूड थरथरलं, झिलाला हाताला कळलं, आणि क्लाराचं तोंड उघडंच राहिलं. ती कान देऊन ऐकत होती. मग तिने ओठ हलवले, सावकाश, जसं ऐकू येत होतं तसं.

"तो साहेब बोलतोय, कैरोचा. म्हणतोय, अरे बोल ना मुला. घाबरू नकोस. आई तिकडे वाट बघतेय. केव्हाचा नुसतं तोंड काय हलवतोयस?"

झिलाने तळहात लाकडावर आणखी घट्ट दाबले.

"आता विल्फ," क्लारा म्हणाली, आणि तिचे ओठ थरथरत होते म्हणून तिने बोटांनी ते जरा दाबून धरले आणि पुन्हा सुरुवात केली. "विल्फचा आवाज आहे, झिला. विल्फच आहे. म्हणतोय, माफ करा साहेब. सवय. मी बोललो की तिच्याशी. सगळं बोलून झालं."

लाकूड थांबलं. मग दुसरी थरथर, दुसरं पोरगं, ब्रिस्टलचं. क्लाराने त्याचं काही सांगितलं नाही.

झिला आधी हसली. खांदे हलेपर्यंत हसली, चिरक्या आवाजात, दोन्ही हात पेटाऱ्यावर तसेच ठेवून. एवढं सगळं सरकार, एवढाल्या तारा, कैरोपासून लंडनपर्यंत आणि लंडनपासून बर्नलीपर्यंत, देशभरची माणसं कान टवकारून बसलेली, आणि ह्याने काय केलं, तर आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि आवाज दाराबाहेर ठेवला. तो उभा असेल तसा तिला दिसला. मान थोडी पुढे, भुवया वर, ओठ मोठे करून, त्या कैरोच्या साहेबाच्या देखत. त्याला तोंड होतं, ओठ होते, आणि त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणजे तो पूर्वी होता तस्साच होता. गेले चार महिने तिने याशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. हसता हसता तिला रडू यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं.

"मूर्ख पोरगं," एनॉक म्हणाला. त्याचंही नाक वाहत होतं. "निरोप फुकट घालवला की."

"गप्प बस," क्लारा म्हणाली.

झिलाने शालीच्या टोकाने तोंड पुसलं आणि केसांवरून हात फिरवला. मग ती रेडिओच्या समोर, अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडावरच्या कापडाकडे बघत ओठ हलवायला सुरुवात केली.

मी-मॉ येणाऱ्या माणसांची एक रीत आहे. या बोलीत कुजबुजता येत नाही. ज्याला दिसेल त्याला सगळं कळतं. म्हणून कुणी आपल्या माणसाशी मनातलं बोलायला लागलं की बाकीच्यांनी पाठ फिरवायची. गिरणीत लहान पोरीलासुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. क्लारा उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. एनॉक जॉबर असला तरी त्यालाही कळलं. तो वळला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"ऐकलं रे राजा," झिला म्हणत होती. "सगळं ऐकलं मी."

आणि मग ती त्याला घरचं सगळं सांगत बसली, ब्रिस्टलच्या आणि हल गावच्या पोरांचे निरोप तिच्या अंगावरून जात होते तरी. बॅटरी संपून पेटाऱ्यातला उजेड विझला तरीही तिचं बोलणं चालूच होतं, आणि ते दोघं तोवर पाठ करूनच उभे होते.